खोडलेल्याचं एक चांगलं काम

ऑक्टोबरचा दुसरा दिवस

आजपासून पुन्हा ऑक्टोबर! गेली अकरा वर्षं या महिन्याला सम्राटाचं नाव होतं. काल सिनेटनं ठराव करून ते काढून टाकलं. सकाळी मी पत्रावर सवयीनं जुनंच नाव घातलं, तर धन्यांनी मेणाची पाटी माझ्या टाळक्यात हाणली. "जिवानिशी मारतोस का रे मला, ट्रोफिमस? डोकं ठिकाणावर आहे का?" आता नाही. फुगलंय.

सम्राटाला मारून पंधरा दिवस झाले. नाव घ्यायचं नाही, लिहायचं नाही. पाथरवट शिड्या घेऊन गावभर हिंडताहेत. कमानीवर, पुलावर, पाण्याच्या हौदावर, जिथं नाव दिसेल तिथं छिन्नी. मीही इथं त्याला 'खोडलेला'च म्हणणार.

आमचे धनी, सिनेटर वेट्युरियस, गेल्या वर्षी याच खोडलेल्याच्या वाढदिवसाला भर सभेत रडले होते. आनंदानं! ते भाषण मीच लिहिलं होतं. कुठं रडायचं तिथं खूणही मीच करून दिली होती. आज असल्या भाषणांच्या सगळ्या गुंडाळ्या जाळायला माझ्याकडे सोपवल्या. मी निम्म्या जाळल्या. उरलेल्यांच्या पाठीवर हे लिहितोय. पाठ कोरी आहे आणि कागद चांगला आहे.

ऑक्टोबरचा चौथा दिवस

धनी इतिहास लिहिणार!

म्हणजे मी लिहिणार. ते कोचावर पडून बोलणार. नाव ठरलंय — 'अंधाराची पंधरा वर्षं'. महिन्याभरात पहिला खंड तयार पाहिजे. मग घरी शंभर बडी माणसं बोलवायची आणि मोठ्यानं वाचन.

मी संधी साधली. म्हटलं, "धनी, वाचन गाजलं तर एक मागणं आहे. माझ्यासाठी नाही. खिओनेला मोकळी करा."

खिओने बाईसाहेबांची वेणीफणी करते. माझी बायको आहे ती. अर्थात गुलामांची लग्नं कायद्याला दिसत नाहीत. सातवा महिना सरत आलाय तिला. आई गुलाम, तर मूल गुलाम. पण बाळंतपणाच्या आधी एक दिवस जरी आई सुटली, तरी मूल जन्मापासून स्वतंत्र! बाप कोण, काय, याला कोणी विचारत नाही. माझं वय झालं ते झालं. पण ते पोर मी कुणाच्या गुलामांच्या यादीत लिहिणार नाही.

"दिला शब्द!" धनी म्हणाले. "वाचनाच्या दिवशी, सगळ्यांसमोर."

खिओनेला सांगायला धावत गेलो. ती केस कुरळे करायची सळई तापवत होती. वर न बघता म्हणाली, "रडायची जागा खूण करून दिली होतीस ना? तशीच शब्द पाळायची जागापण खूण करून दे त्यांना. नाहीतर विसरतील."

ऑक्टोबरचा सहावा दिवस

"लिही — 'मी मुकाट्यानं सोसलं.'"

"धनी, त्यानं तुम्हांला कॉन्सल केलं होतं. सिनेटमधलं सगळ्यांत मोठं पद!"

धन्यांनी उशी नीट केली. मग म्हणाले, "लिही — 'त्यानं मला जबरदस्तीनं कॉन्सल केलं.'"

लिहिलं! वर माझ्या पदरचं जोडलं — 'आणि ते पद मी जड अंतःकरणानं भूषवलं.' धन्यांना फार आवडलं. एक अंजीर दिलं मला.

ऑक्टोबरचा नववा दिवस

अख्ख्या गावात कागद मिळेना. ज्याला त्याला इतिहास लिहायचाय. दुकानदार म्हणाला, "एवढी दुःखी माणसं होती गावात? मला पत्ताच नव्हता! माझ्याकडून तर सगळे स्तुतीसाठीच कागद न्यायचे." त्या म्हाताऱ्या सिनेटर कॅनिडियसचे तर तीन खंड तयार आहेत म्हणे. हे कळल्यापासून धन्यांना जेवण जाईना.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. आमच्याकडे उलटं. म्हैस मेल्यावर कळलं की तिनं कधी दूध दिलंच नाही, वर लाथा मारायची, आणि पहिल्यापासून ती म्हैसच नव्हती.

दुर्गुण कमी पडायला लागले. धन्यांनी मागच्या कुठल्याशा सम्राटावरचं जुनं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "यातले उतर." उतरले. वेष पालटून हिंडायचा, जेवता जेवता माणसं मारायचा, सख्ख्या बहिणीवर डोळा होता.

"धनी, याला बहीण नव्हती."

"मग मावशी लिही!"

बाईसाहेब हिस्पुला सार्वजनिक स्नानगृहातल्या गप्पांतून रोज एक अपशकुन घेऊन येतात. आजचा — तो जन्मला त्या रात्री एक गाय माणसासारखी बोलली. मी विचारलं, काय बोलली? "ते नाही बाई सांगितलं कुणी." मी लिहिलं — 'गाय बोलली, पण भीतीनं कोणी ऐकलं नाही.' धनी म्हणाले, वा!

ऑक्टोबरचा बारावा दिवस

"खिओनेचं दुसऱ्या खंडानंतर बघू," म्हणाले. चालता चालता, जोडे घालताना! हिवाळ्यातल्या मेजवान्यांना बाईसाहेबांचे केस कोण करणार, हा प्रश्न पडलाय. दुसरा खंड म्हणजे वसंत. तोवर पोर रांगायला लागेल. गुलाम होऊन रांगेल.

मेल्यांनो. दिवसभर सुंदर अक्षरात लिहीत बसलो.

ऑक्टोबरचा पंधरावा दिवस

आता एक नवीच पंचाईत. सिनेटची दप्तरं चाळताना खोडलेल्याची चांगली कामं सापडायला लागली! पाण्याचा फुटलेला कालवा बांधला. लाचखाऊ सुभेदारांना घरी बसवलं. धान्य वेळेवर आणलं.

धन्यांना विचारलं, यांचं काय करू? धनी खुशीत होते. "सोपं आहे. कालवा बांधला तो दिखाव्यासाठी. सुभेदार हाकलले ते मत्सरापायी. धान्य आणलं ते लोकांना आळशी करायला. चांगलं काम म्हणजे लपवलेलं वाईट काम, हे इतिहासकाराला कळलं पाहिजे!"

खोडलेला काही साधू नव्हता. आमच्या गल्लीतल्या भांडीवाल्याला त्यानं एका थट्टेपायी मारलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते मात्र पुस्तकात नाही. मी सुचवलं होतं. धनी म्हणाले, "भांडीवाल्याचं कसलं आलंय? सिनेटर मेलेला सांग."

मग मी त्याचा एक जुना हुकूम वाचून दाखवला. आजारी गुलामाला नदीतल्या बेटावरच्या आरोग्यदेवाच्या देवळात टाकून जाणारे धनी आहेत ना — औषधपाण्याची कटकट नको म्हणून? त्यांच्याबद्दल. टाकलेला गुलाम बरा झाला तर तो स्वतंत्र. जुन्या धन्याचा हक्क संपला.

"गाळ ते," धनी म्हणाले.

"दिखावा म्हणून घालू का?"

"गाळ म्हटलं ना! चांगलं नाही, वाईट नाही, नाहीच!"

एवढे का चिडले ते कळेना.

ऑक्टोबरचा सोळावा दिवस

कळलं.

दुपारी डाळ खाताना खिओनेला सहज सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "मला टाकलं होतं की." चार वर्षांपूर्वी, मी या घरात यायच्या आधी. ताप चढला होता, अंगावर फोड. बाईसाहेब म्हणाल्या, घरात मरायला नको, नेऊन टाका. कारभाऱ्यानं हातगाडीवर घालून बेटावर सोडली. अकरा दिवस देवळाच्या ओसरीत पडून होती. बरी झाली. कारभारी परत आला — "चल गं, नव्या पोरीला भांग पाडता येत नाही." आली! घरून बोलावणं आलं म्हणून तिला बरंच वाटलं होतं.

तिला वाचता येत नाही. कुणी सांगितलं नाही. धनी सिनेटर, त्यांना हुकूम माहीत नसेल?

चार वर्षं ती स्वतंत्र आहे. चार वर्षं रोज सकाळी शिव्या खात त्या बाईचे केस विंचरते आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग ती हसायला लागली, मग रडायला लागली. मलाही रडू आलं. खूण न करता.

ऑक्टोबरचा अठरावा दिवस

निरोप पोचवायचं निमित्त करून बेटावर गेलो. देवळात झाडलोट करणारा म्हातारा आहे, फिलेरोस. त्यालाही धन्यानं असाच टाकला होता. बरा झाला, स्वतंत्र झाला, तिथंच राहिला.

"ती केसवाली पोर ना?" लगेच ओळखलं त्यानं. "तापातसुद्धा शेजारणीच्या जटा सोडवत बसायची. आहे ध्यानात! मी उभा राहतो तिच्यासाठी न्यायाधीशापुढं." गुलामाला स्वतःची फिर्याद करता येत नाही, कुणीतरी स्वतंत्र माणूस उभा राहावा लागतो.

मग झाडू टेकवून म्हणाला, "पण लेकरा, घाई कर. या हुकमावर सुटलेले आम्ही दोनशेतरी आहोत इथं आसपास. त्याच्या पुतळ्यांचं ठीक आहे, त्यांची डोकी फोडा. पण हुकूम फोडले तर आमची डोकी जातील."

ऑक्टोबरचा बाविसावा दिवस

न्यायाधीशाच्या कारकुनाकडे गेलो. त्यानं अर्ज पुरता वाचलाही नाही. "त्या नराधमाचा हुकूम? थांबा जरा. नोव्हेंबरच्या आठव्याला सिनेट बसतेय, त्याचे सगळेच्या सगळे हुकूम रद्द करायला. कुणाचा विरोध नाही. पंधरा वर्षांत त्यानं एक चांगलं काम केलं नाही, असं सगळी मोठी माणसं लिहिताहेत ना!"

ती मोठी माणसं कोण, हे मला विचार बाबा. त्यांतल्या एकाचं सगळं माझ्याच अक्षरात आहे.

हात दाखवून अवलक्षण! अठरा दिवस मीच बसून त्याला राक्षस केला. मावशीसकट. आणि त्या राक्षसाच्या सहीवर माझ्या पोराचा जन्म अडकलाय. हसू की डोकं आपटू?

ऑक्टोबरचा तिसावा दिवस

वाचन नोव्हेंबरच्या सातव्याला ठरलं. सिनेटच्या आदल्या दिवशी! सगळे मतदार एका छपराखाली, धन्यांच्या वाइनसकट.

आणि वाचणार मी. धन्यांचे पुढचे दोन दात गेलेत. चार वाक्यं मोठ्यानं म्हटली की शिट्टी वाजायला लागते. ते बाजूला बसून ओठ हलवणार आणि हात उडवणार.

खिओनेला म्हटलं, मी वाचताना तो हुकूम मधेच घालणार आहे. तिनं हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाली, "मारतील तुला."

"शंभर पाहुण्यांसमोर नाही मारणार."

"पाहुणे घरी जातात रे."

नोव्हेंबरचा सहावा दिवस

घसा बसतोय असं वाटतंय. मधाचं पाणी पितोय.

नोव्हेंबरचा सातवा दिवस

वाचलं!

दिवाणखाना भरलेला. पुढच्या रांगेत म्हातारा कॅनिडियस, नाक मुरडून. मावशीला सगळे थरारले. गाय बोलली तेव्हा एक जण "अरेरे" म्हणाला. जबरदस्तीच्या कॉन्सलपदाला तर टाळ्या! का नाही पडणार, अर्ध्या सभेला तीच जबरदस्ती झालेली.

मग ते पान आलं. पानावर नव्हतं ते वाचायला लागलो — 'तरीही खरं ते सांगितलं पाहिजे. आजारी नोकराला बेटावर टाकून देणाऱ्या धन्याचा हक्क त्यानं संपवला. दुष्टाच्या हातून निघाला म्हणून हा हुकूम दुष्ट होत नाही. विहीर कुणी खणली, हे तहानलेला विचारत नाही. त्याची बाकीची कृत्यं पुसा, हे राहू द्या.'

धन्यांचे ओठ थांबले. हात हवेत तसाच राहिला.

कॅनिडियस खवचटपणे म्हणाला, "अरे वा, वेट्युरियस! निःपक्षपाती झालास की रे! माझ्या तीन खंडांत हे धाडस नाही बुवा."

टोमणा होता तो. पण सभेनं कौतुक म्हणून घेतलं! "खरंय, निःपक्षपाती!" "याला म्हणतात इतिहासकार!" टाळ्यांवर टाळ्या. धन्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. हवेतला हात हळूच खाली आला आणि स्वतःच्या छातीवर गेला.

"सत्य ते सत्य!" म्हणाले. शिट्टीसकट.

नोव्हेंबरचा आठवा दिवस

सिनेटमध्ये ठराव आला — सगळे हुकूम रद्द. आणि सगळी सभा वळून आमच्या निःपक्षपाती धन्यांकडे बघायला लागली! करतात काय? उठले. बोलले. माझंच वाक्य, विहिरीसकट, जसंच्या तसं. बेटाचा हुकूम तेवढा राहिला.

घरी येऊन मला बोलावलं. मी पाठ उघडी करूनच गेलो. पण नाही! म्हणाले, "छान वाचतोस तू." मधाची वाइन दिली एक पेला. दुसरं काही नाही.

खिओने म्हणाली, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

उगाच शंका काढते. गरोदरपणात होतं असं.

नोव्हेंबरचा एकोणिसावा दिवस

खिओने सुटली!!

फिलेरोसनं काठी टेकत साक्ष दिली. कारभारी म्हणत होता, "टाकली नव्हती हो, हवापालटासाठी पाठवली होती." सगळं न्यायालय हसलं. मग कारकुनानं — त्याच कारकुनानं! — काल सिनेटरांत फिरलेली आमच्या पुस्तकाची प्रत काढली (टाळ्यांनंतर ते वाक्य धन्यांनी आत घालायला लावलं होतं) आणि वाचलं, 'टाकून देणाऱ्या धन्याचा हक्क त्यानं संपवला.' न्यायाधीश म्हणाले, "स्वतः वेट्युरियस असं लिहितात, तर त्यांचा दावा असूच शकत नाही." दोन मिनिटांत निकाल. चार वर्षांपासून स्वतंत्र.

आता ती बेटावर, फिलेरोसच्या शेजारच्या खोलीत राहील. ती गेली त्या क्षणापासून बाईसाहेब डोकं धरून बसल्यात, भांग वाकडा आलाय. मी आहे तिथंच आहे, गुलामच. असू दे. संध्याकाळी पूल ओलांडला की पोहोचलो. पोराला अक्षरं मीच शिकवणार. आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता मला.

डिसेंबरचा तिसरा दिवस

मुलगी झाली. पहाटे. फिलेरोस धापा टाकत बाजारात सांगायला आला. दोघी बऱ्या आहेत. मुलगी जन्मापासून स्वतंत्र.

बाजारात, कारण धन्यांनी काल मला विकायला काढलं. विकायच्या गुलामाच्या गळ्यात पाटी लागते, त्याचे दोष त्यावर लिहावे लागतात, नाहीतर सौदा मोडतो. धन्यांनी पाटी मलाच लिहायला लावली. कोचावर पडून सांगितली — 'अक्षर उत्तम. वाचतो छान. चोर नाही, पळपुटा नाही. दोष — मनचं वाचतो.' एक शब्द बदलला नाही मी.

दूर उत्तरेकडच्या गॉल मुलखातल्या एका व्यापाऱ्यानं घेतलंय. दुपारी निघायचं. हे कागद फिलेरोसकडे देतोय.

मुलीचं नाव आठव्या दिवशी ठेवतात. त्या दिवशी मी डोंगरापलीकडं असेन. काय ठेवतील, मला कळणार नाही.